मेंटेनन्स थांबवण्याआधी करार मागा

पत्र थोडक्यात असं: महाराष्ट्रातल्या एका ताईंची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. दोन इमारती, १४४ सदनिका. अडीच वर्षांपूर्वी समितीने सुरक्षा, सफाई, प्लंबर-इलेक्ट्रिशियन, पंप, जनरेटर असं सगळं एका व्यवस्थापन कंपनीकडे दिलं. पहिलं वर्ष बरं गेलं. त्यानंतर सुपरवायझर सतत बदलू लागले, जिने तीन-तीन दिवस झाडले जात नाहीत, एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) वास खालच्या मजल्यांवर येतो आणि तक्रार केली की ‘वर कळवलंय’ एवढंच उत्तर मिळतं. बिलात दहा सुरक्षारक्षक लावलेले असतात, रात्री मात्र दोनच दिसतात. एका संध्याकाळी वीज गेली आणि ताईंच्या ७८ वर्षांच्या सासूबाई वीस मिनिटं लिफ्टमध्ये अडकल्या. गार्डला दार उघडता आलं नाही. यंदा मेंटेनन्स वाढला. सचिवांना विचारलं तर ‘दुसरी कंपनी याहून महाग पडेल’ म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समितीचं कमिशन ठरलेलं असल्याची चर्चा उघड चालू आहे. आता चाळीसेक कुटुंबं मेंटेनन्स भरणं थांबवायच्या विचारात आहेत. ताई विचारतात: आम्ही पैसे थांबवावेत का? कंपनीवर थेट दावा लावता येईल का? आणि हे काही न करता कंपनी बदलायची तर सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचा राग रास्त आहे. घरातलं म्हातारं माणूस अंधारात, बंद लिफ्टमध्ये वीस मिनिटं घामाघूम होऊन उभं असेल तर कोणाचंही डोकं शांत राहणार नाही. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी आणि स्पष्ट द्यावं, कारण त्यात घाई झाली तर बाकीची लढाई तुमच्या हातून जाईल.

मेंटेनन्स थांबवू नका. तुम्ही पैसे कंपनीला देत नाही, सोसायटीला देता. त्याच पैशांतून सामायिक वीजबिल, पाणीपट्टी, लिफ्टचा करार, विमा भागतो. चाळीस घरांनी हात आखडला की पहिली झळ बसते ती पंपाला आणि लिफ्टला, म्हणजे तुमच्याच सासूबाईंना. कंपनीचं बिल अडकलं की कंपनी पगार अडकवते आणि रखडलेल्या पगाराचा माणूस जिना झाडायला येत नाही. कायद्याच्या बाजूनेही तुम्ही अडचणीत येता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १५४बी-२९ खाली सोसायटीला थकबाकीसाठी सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला मिळवता येतो, आणि ‘सेवा वाईट होती’ हा बचाव तिथे फारसा टिकत नाही. शिवाय थकबाकीदार सदस्याला समितीच्या निवडणुकीला उभं राहता येत नाही. म्हणजे ज्या चाळीस लोकांना बदल हवा आहे, तेच लोक स्वतःहून शर्यतीबाहेर पडतील. रक्कम वादग्रस्त वाटत असेल तर पूर्ण भरा आणि सोबत एक पत्र द्या: अमुक आकारणीला माझी हरकत आहे, ती नोंदवून मी पैसे भरत आहे. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.

आता कंपनीकडे वळू. तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे: जे काही बिघडलं ते कंपनीने बिघडवलं. तसं असेलही. पण तुम्ही दिलेल्या तक्रारींपैकी दोन तरी मला वेगळ्या दिसतात.

लिफ्ट घ्या. बहुतेक सोसायट्यांत लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार लिफ्ट कंपनीशी वेगळा असतो, व्यवस्थापन कंपनीशी नाही. वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरीवरची यंत्रणा असते, तिला सगळे एआरडी म्हणतात. तिच्या बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. तुमचा करार सर्वसमावेशक नसेल तर बॅटरीचा खर्च वेगळा मंजूर करावा लागतो. आता शोधायचं हे की लिफ्टच्या माणसाने आपल्या भेटीच्या कागदावर ‘बॅटरी बदलणे आवश्यक’ असं लिहून ठेवलं होतं का, त्याचं कोटेशन आलं होतं का, आणि आलं असेल तर ते किती दिवस कोणाच्या फायलीत पडून होतं. ते कोटेशन समितीकडे अडकलेलं असेल तर तुम्ही उद्या दहावी कंपनी आणलीत तरी लिफ्ट पुन्हा मध्येच थांबेल.

आणखी एक, हे प्रत्येक वाचकाने घरी सांगावं असं आहे. गार्डला दार उघडता आलं नाही, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. प्रशिक्षण नसलेल्या गार्डने ते उघडू नये हेच बरं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना दार ओढून काढलं आणि आतला माणूस घाईने बाहेर पडायला गेला तर तो खालच्या पोकळीत पडू शकतो. गार्डचं काम असतं इंटरकॉमवर आतल्या माणसाशी सतत बोलत राहणं, लिफ्ट कंपनीच्या तातडीच्या नंबरवर कळवणं आणि सोसायटीत सुटकेचं प्रशिक्षण घेतलेला जो कोणी असेल त्याला बोलावणं. तेव्हा तुमची खरी तक्रार अशी हवी: प्रत्येक पाळीत सुटकेचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस का नाही, आणि लिफ्टमधला इंटरकॉम शेवटचा कधी तपासला? ही मागणी कंपनी बदलायची वाट न बघता याच आठवड्यात करा. लिफ्ट कंपनीला सांगितलं तर ती प्रशिक्षण देते.

दुसरी गोष्ट रक्षकांची. बिलात दहा, रात्री दोन. ऐकायला हा सरळ घोटाळा वाटतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. दहा माणसं, प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी, म्हणजे आठवड्याला साठ ड्युट्या. सातने भागा, दिवसाला साडेआठच्या आसपास येतात. पाळी आठ तासांची असेल तर एका वेळी सुमारे तीन माणसं. म्हणजे तुम्हाला दोन दिसत असतील तर गळती एका माणसाची आहे, आठांची नाही, आणि तो तिसरा कदाचित मागच्या गेटवर किंवा फेरीवर असेल. पाळी बारा तासांची असेल तर मात्र त्याच साठ ड्युट्यांत एका वेळी चार माणसं दिसायला हवीत, आणि मग दोघांचा हिशेब कंपनीला द्यावा लागेल. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो पाळी किती तासांची, हा. ग्रुपवर ‘आठ रक्षक खाल्ले’ असं लिहून मोकळं झालात आणि कंपनीने हे गणित पुढे ठेवलं, तर तुमच्या खऱ्या तक्रारींवरचाही लोकांचा विश्वास उडेल.

कमिशनच्या चर्चेबद्दलही हेच सांगेन. खोटंच असेल असं मी म्हणत नाही, असे प्रकार होतात. पण नाव घेऊन, पुराव्याशिवाय ग्रुपवर आरोप करणं ही बदनामी ठरू शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यामुळे समितीतले सरळ लोकही चिडून कंपनीच्या पाठीशी उभे राहतात. समितीतली माणसं बिनपगारी, नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात. बऱ्याचदा त्यांचा दोष इतकाच असतो की सगळं कंपनीकडे दिलं आणि आपण सुटलो असं त्यांनी मानलं. माझ्या मते तुमच्या सोसायटीतलं दुखणं नेमकं इथेच आहे. काम कंपनीला देता येतं, पण ते झालं की नाही हे बघणारा माणूस सोसायटीचाच असावा लागतो. तो नसेल तर चांगली कंपनीही वर्षभरात ढिली पडते. पहिलं वर्ष बरं गेलं असं तुम्हीच लिहिलंय. पहिल्या वर्षी सगळ्यांचं लक्ष होतं.

म्हणून सुरुवात करारापासून. आजच सचिवांना लेखी अर्ज द्या आणि चार कागदांच्या प्रती मागा: कंपनीशी झालेला करार, गेल्या सहा महिन्यांची बिलं, त्याच काळातले हजेरीपट, आणि ज्या सभेत ही कंपनी नेमली त्या सभेचं इतिवृत्त. सोसायटीचे कागद बघण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क सदस्याला कायद्याने आणि उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीने, दिलेला आहे. अर्जात आरोप नकोत, रागही नको. मुदतीत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्या, त्यानंतर उपनिबंधक कार्यालयात तक्रार करा. तिथे तुमच्या हातात पोच असलेले दोन अर्ज असतील तर तुमचं म्हणणं वजनदार होतं.

करार आला की तो वकिलासारखा नाही, गृहिणीसारखा वाचा, म्हणजे घरकामाला माणूस ठेवताना आपण जे सगळं ठरवून घेतो ते यात ठरवलंय का ते बघा. जिना किती वेळा झाडायचा, किती वेळा पुसायचा? पाण्याच्या टाक्या किती महिन्यांनी धुवायच्या? एसटीपी चालवायची जबाबदारी यांची की वेगळ्या ठेकेदाराची? रसायनं आणि सुटे भाग कोणाच्या खर्चाने? प्लंबर गैरहजर असेल तर बदली माणूस किती तासांत? काम झालं नाही तर बिलातून किती कापायचं? मी जे करार पाहिले आहेत त्यांत माणसांची संख्या आणि दर नीट लिहिलेले असतात, काम मात्र ‘परिसर स्वच्छ ठेवणे’ इतक्या मोघम शब्दांत गुंडाळलेलं असतं. तुमचा करारही तसाच निघाला तर कंपनीने करार मोडला असं तुम्हाला सिद्धच करता येणार नाही. मग भांडण घालण्यापेक्षा कामाचं वेळापत्रक जोडून करार दुरुस्त करून घेणं हाच मार्ग उरतो.

बिलाची तपासणी एका संध्याकाळी होण्यासारखी आहे. हजेरीपटावरच्या सह्या बघा. तीस दिवसांच्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने केलेल्या असतील तर त्या एका बैठकीत झाल्या आहेत. मग जनरेटरच्या खोलीत जा. यंत्रावर तास मोजणारं मीटर असतं. महिन्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वजा केला की जनरेटर किती तास चालला ते कळतं. तेवढ्या तासांना लागणारं डिझेल किती, हे यंत्र बसवणारी कंपनी सांगते. बिलातलं डिझेल त्याच्या बरंच पुढे असेल तर तुम्हाला एक ठोस प्रश्न मिळाला. आणि नोंदवहीत तासांचे आकडे लिहिलेलेच नसतील, तर तो त्याहून मोठा प्रश्न.

अग्निसुरक्षेचा कागद विसरू नका. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन ‘नमुना ब’चं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ही जबाबदारी मालक आणि भोगवटादारांची आहे, कंपनी नेमल्याने ती कंपनीवर सरकत नाही. ‘आमची कंपनी बघते ते’ असं समितीने म्हटलं तर शेवटचं प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. ते निघालं नाही तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच करून घ्या.

आता कंपनीची बाजूही एकदा बघायला हवी, कारण त्याशिवाय तुम्हाला खरं कारण सापडणार नाही. सोसायटी कंपनीचं बिल वेळेवर देते का? दोन-दोन महिने बिल थकत असेल तर कंपनी आपली चांगली माणसं वेळेवर पैसे देणाऱ्या सोसायटीत हलवते आणि तुमच्याकडे नवशिके पाठवते. सुपरवायझर सारखे बदलण्यामागे हे कारण असू शकतं. दुसरं, त्याला हुकूम कोण कोण देतं? अध्यक्ष एक सांगतात, खजिनदार दुसरं, आणि चार सदस्य आपल्या घरचा नळ दुरुस्त करायला प्लंबरला घेऊन जातात. अशा ठिकाणी कोणताही सुपरवायझर टिकत नाही. समितीतल्या एकाच व्यक्तीने कंपनीशी बोलायचं, बाकी सगळ्यांनी तक्रार लेखी नोंदवायची आणि प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा, इतकं केलं तरी दोन महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. ‘काल सांगितलं होतं’ला काही किंमत नसते. क्रमांक, तारीख, वेळ आणि काम झाल्याची सही असलेली तक्रारवही मात्र पुढे ग्राहक आयोगातही चालते.

थेट दाव्याबद्दल विचारलंत. करार सोसायटी आणि कंपनी यांच्यात झाला आहे, त्यामुळे कंपनीला नोटीस देणं, बिल कापणं, दावा लावणं हे सोसायटीने करायचं. एकट्या सदस्याचा दावा कमकुवत ठरतो. सोसायटीने ठराव केला तर मात्र हाती चांगलं साधन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘व्यक्ती’ या व्याख्येत सहकारी संस्थाही येते, म्हणजे सदोष सेवेबद्दल सोसायटी स्वतः तक्रारदार होऊ शकते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. करारात लवादाची अट आहे म्हणून समिती कचरत असेल तर त्यांना सांगा, अशी अट असूनही ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे तक्रार नोंदवली की कंपनीला उत्तर द्यायला सांगितलं जातं. अनेकदा तेवढ्यानेही काम होतं. तरी मी हा मार्ग शेवटी ठेवेन. आयोगात वेळ जातो, आणि तोवर जिने झाडायचेच असतात.

आणि समितीच ऐकत नसेल तर? इथे तुमच्याकडे असलेली ताकद तुम्ही पाहिलेलीच नाही, असं मला वाटतं. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७६ प्रमाणे एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्याच्या आत बोलवावीच लागते. १४४ सदस्य धरले तर २९ सह्या लागतात. पैसे थांबवायला तुमच्याबरोबर चाळीस कुटुंबं तयार आहेत. त्या चाळिसांची सही या मागणीवर घ्या. मागणीपत्रात विषय नेमके लिहा, कारण सभेत त्याच विषयांवर निर्णय होतो: व्यवस्थापन कंपनीच्या कामाचा आढावा, करार चालू ठेवणे किंवा संपवणे, आणि देखरेखीसाठी सदस्यांची उपसमिती नेमणे. ‘कंपनीच्या गैरकारभाराबाबत चर्चा’ असा विषय लिहू नका. त्यातून नुसती चर्चा निघते. वार्षिक सभा जवळ आली असेल तर, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावीच लागते, तिथेच हा विषय आणता येईल.

सभेत लगेच हकालपट्टीचा ठराव मांडू नका, असं मी सुचवेन. आधी कंपनीला सुधारणेची लेखी संधी द्या: दहा-बारा मुद्द्यांची यादी, प्रत्येकासमोर तारीख, साठ दिवसांची मुदत आणि दर पंधरवड्याला उपसमितीसमोर हजेरी. कंपनी सुधारली तर तुमची पाच महिन्यांची धावपळ वाचली. नाही सुधारली तर करार संपवायचं कारण कागदावर आलं, आणि उद्या कंपनीने नुकसानभरपाई मागितली तर तेच तुमच्या कामी येईल. यात एकच अपवाद आहे, पैशांची अफरातफर कागदांवरून दिसली तर साठ दिवस वाट बघायची नाही.

कंपनी बदलायचीच ठरली तर निविदा मागवताना सगळ्यात कमी दराला भुलू नका. रक्षक असो वा सफाई कामगार, त्याच्या किमान वेतनाखाली कोणालाही कायदेशीर दर देता येत नाही. वेतनावर कंपनीला भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ३.२५ टक्के आणि किमान बोनसचे ८.३३ टक्के धरावे लागतात, वर सुट्टीचा बदली माणूस, गणवेश, कंपनीचा नफा आणि जीएसटी. ही बेरीज तुम्ही स्वतः मांडा. एखाद्याचा दर या बेरजेच्या खाली असेल तर तो फरक कोणाच्या तरी पगारातून किंवा हजेरीतून निघणार. याचा त्रास सोसायटीलाही होतो, कारण ठेकेदाराने कामगारांचे पैसे बुडवले तर काम करून घेणाऱ्या मूळ मालकाकडे बोट वळू शकतं. म्हणून दर महिन्याचं बिल चुकवण्याआधी मागच्या महिन्याचे पीएफ-ईएसआय भरल्याचे चलान आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागा, आणि ही अट करारातच घाला. सुरक्षेचं काम देताना खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५ खालचा परवाना बघितल्याशिवाय सही करू नका.

कंपनी बदलताना बऱ्याच सोसायट्यांत होतं असं की नव्या कंपनीच्या गणवेशात तीच जुनी माणसं कामाला येतात. यात वाईट काही नाही. त्या माणसांना तुमच्या इमारतीचे व्हॉल्व्ह कुठे आहेत ते ठाऊक असतं, आणि बेकारीची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर कशाला? पण मग बदल कशात झाला, हे विचारायला हवं. माणसं तीच, कामाचं वेळापत्रक तेच मोघम, बघणारं कोणी नाही, तर वर्षभराने तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. जुन्या करारात तुमच्या कामगारांना दुसरीकडून कामावर घ्यायचं नाही अशी अट असते कधीकधी, तीही आधी बघून ठेवा.

सूत्रं हातात घेण्याचा दिवस नीट आखा. करारातली नोटीस मुदत बघा, तेवढ्या दिवसांत नव्या कंपनीचा सुपरवायझर जुन्याबरोबर निदान आठवडाभर फिरायला हवा. पंप, पॅनेल, लिफ्ट मशीनरूम, गच्ची यांच्या किल्ल्या, विद्युत आणि प्लंबिंगचे नकाशे, सगळे वार्षिक करार आणि वॉरंटीचे कागद, नोंदवह्या, उरलेलं डिझेल आणि साहित्य यांची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. गेटवरच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या घरांचे फोन नंबर, गाड्यांचे क्रमांक, घरकामाच्या बायकांचे फोटो साठलेले असतात. ती माहिती सोसायटीची आहे. अ‍ॅपचं खातं कंपनीच्या नावावर असेल तर ते सोसायटीच्या नावावर करून घ्या, आणि जुन्या कंपनीकडची प्रत पुसल्याचं लेखी घ्या. शेवटचं बिल ही यादी पूर्ण झाल्यावरच द्या.

ज्यांच्या इमारतीत अजून सोसायटी झालेली नाही आणि बिल्डरने नेमलेली कंपनी कारभार बघते, अशा वाचकांचीही पत्रं येतात. त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, २०१६ च्या कलम ११ प्रमाणे सोसायटी स्थापन होऊन कारभार तिच्याकडे जाईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी दराने पुरवण्याची जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची आहे. त्यामुळे तक्रार कंपनीविरुद्ध नाही, बिल्डरविरुद्ध महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे करायची. बांधकामातले दोष, म्हणजे गळती किंवा वाईट प्लंबिंग, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिले तर बिल्डरने ते स्वखर्चाने तीस दिवसांत दुरुस्त करायचे असतात. एसटीपीसारखी यंत्रणा पहिल्यापासूनच कमी क्षमतेची बसवली असेल तर व्यवस्थापन कंपनीला कितीही झापलं तरी वास जाणार नाही. ताई, तुमची इमारत पाच वर्षांच्या आतली असेल तर तुम्हीही हे तपासा. अपार्टमेंट कायदा, १९७० खालच्या इमारतींत मात्र सगळं घोषणापत्र आणि संघाच्या उपविधींवर चालतं, आधी ते काढून वाचावेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे, ‘मी समितीत जावं का, की त्यात अडकून पडेन?’ ती प्रश्नांच्या यादीत नव्हती, पण तीच मला जास्त महत्त्वाची वाटली. नोकरी, सासूबाईंची देखभाल आणि घर सांभाळून पाच वर्षांची जबाबदारी घेणं तुम्हाला झेपेल का, हे तुम्हालाच ठरवायचं आहे, आणि नाही म्हणालात तरी त्यात कमीपणा नाही. समितीत महिलांसाठी राखीव जागा असतात आणि त्या अनेक ठिकाणी केवळ नावापुरत्या भरल्या जातात, म्हणून कोणी हिशेब वाचणारी बाई पुढे येत असेल तर मला मनापासून आनंद होईल. पण तुमच्या आत्ताच्या कामासाठी समितीत असणं गरजेचं नाही. देखरेख उपसमितीत तिघं पुरे: बिलं वाचू शकणारा एक, यंत्रांची माहिती असलेला एक, आणि दिवसा घरी असणारा एक. तिसरी जागा बहुतेक सोसायट्यांत एखाद्या निवृत्त माणसाकडे जाते, आणि ती माणसं हे काम सगळ्यात नीट करतात. तुमच्या चाळीस कुटुंबांत हे तिघं नक्की असतील. सह्या गोळा करायला निघाल तेव्हा प्रत्येक दारात तेही विचारत चला.